चाचणीला आम्ही, मालकी कोणाची?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार बंद केला. धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यातील एका बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत तीन जुने संगणक आहेत. समाजबांधवांनी वर्गणी काढून ते आणले. त्यावर मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, स्पर्धा परीक्षेचे प्रश्नसंच सोडवतात. दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, "सर, हे भंगारात द्या. यावर विंडोज 11 चालत नाही."

चालत नाही, की चालू दिले जात नाही? हा प्रश्न विचारला पाहिजे.

विंडोज 11 ची चाचणी आवृत्ती, म्हणजे बाजारात येण्यापूर्वी दोष शोधण्यासाठी दिलेली आवृत्ती, 28 जून 2021 रोजी आली. अटी कडक होत्या. 4 जीबी मेमरी, 64 जीबी साठवण, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि कंपनीने मान्य केलेल्या यादीतला प्रोसेसर हवा. परंतु आधीपासून कंपनीसाठी चाचणी करणाऱ्यांच्या जुन्या यंत्रांना सवलत मिळाली. त्या यंत्रांवर विंडोज 11 चालली. लोकांनी दोष शोधून कळवले. 5 ऑक्टोबर 2021 रोजी ती बाजारात आली, आणि त्याच यंत्रांना सांगण्यात आले की तुम्ही अपात्र, सगळे पुसून पुन्हा विंडोज 10 वर जा. कंपनीने हे आधीच जाहीर केले होते, आणि सुरक्षेचे कारणही अगदीच खोटे नाही. तरीही राबायला पात्र असलेले यंत्र वापरायला अपात्र कसे ठरते?

आपल्या समाजाला हा न्याय नवा नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला बाबासाहेब आले होते. महार वतन म्हणजे काय होते? गावाची सगळी कामे करायची आणि गावात मात्र हक्क नाही. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. संगणकाची चाचणी स्वखुशीची असते, वेठ जबरीची होती. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. परंतु श्रम एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, ही रीत ओळखीची आहे.

मग आम्ही त्यातल्या एका संगणकावर लिनक्सच्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची चाचणी आवृत्ती टाकली. पहिल्या आठवड्याचा अनुभव सांगतो. यंत्र पूर्वीपेक्षा लवकर सुरू होते. मराठी टायपिंग जमते. पण पडद्यावरच्या सूचना अर्ध्या मराठी, अर्ध्या इंग्रजी आहेत. काही मराठी शब्द असे आहेत की ते कोणत्याच गावात कोणी बोलत नाही. प्रिंटर दोन दिवस सापडला नाही. म्हणून अर्जाच्या शेवटच्या तारखेला चाचणी आवृत्तीवर बसू नये; त्यासाठी पक्की आवृत्ती दुसऱ्या संगणकावर ठेवावी.

परंतु फरक पुढे आहे. बारावीतल्या एका मुलीने चुकीच्या शब्दांची यादी करून पाठवली. या प्रणालीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे. सुधारणा झाली तर ती तिच्याही संगणकावर येईल. नाही झाली तर जाणकार माणूस ती स्वतः करू शकतो. परवानगी मागावी लागत नाही.

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नव्हती. बाबासाहेब दुसऱ्याच्या पत्रात कोपरा मिळावा म्हणून थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचे पत्र काढले. आज तोच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर उभा आहे.

2018 मध्ये आपला जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आकांक्षा असेल तर तुळजापूर, उमरगा, परंडा, भूम येथील आपल्या शिकलेल्या तरुणांनी दर रविवारी दोन तास एखाद्या विहाराला द्यावेत. भंगारात निघालेला एक संगणक उभा करावा. त्यात मराठी कुठे अडते ते लिहून कळवावे. सरकारी निधीतून संगणक घेताना त्याचे आयुष्य कोण ठरवणार, हे खरेदी करणाऱ्याला विचारावे.

'शिका' या आदेशात संगणक चालवायला शिकणे आले. तो कोणाच्या हुकमाने चालतो, हे शिकणेही त्यातच आले.

जय भीम!