गळ नवा, पाणी जुनंच!

सध्या आपल्या होस्टेलमध्ये एका नव्याच साथीने धुमाकूळ घातला आहे. साथ मलेरियाची नाही, मासेमारीची आहे! वॉचमनकाकांच्या टेबलावर आठवड्याला एक तरी लांबट खोकं येऊन पडतं. त्यातून निघते घडीची काठी, रीळ, दोऱ्याची चकरी आणि रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे खोटे मासे. मग रात्री कॉरिडॉरमध्ये गळ फेकण्याची प्रॅक्टिस चालते आणि कोणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल ‘पहिला मासा’ म्हणून गळाला लागतो. आता तर जिमखान्याने या छंदासाठी रीतसर क्लब काढावा आणि साहित्यही विकत घ्यावं, असा अर्ज सह्यांसाठी खोल्याखोल्यांतून फिरतो आहे.

त्या अर्जावर माझीही सही आहे, हे आधीच सांगून टाकतो. फक्त सहीखाली मी एक ओळ लिहिली : ‘काठ्यांच्या आधी दोर आणि लाइफ जॅकेट घ्यावीत, आणि त्याच्याही आधी भोयांना विचारावं.’ या एका ओळीवरून मेसमध्ये माझी आठवडाभर टिंगल झाली. म्हणून हा लेखप्रपंच.

मुळात हे खूळ आलं कुठून? मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लोक कमरेएवढ्या उथळ खाऱ्या पाण्यात उभं राहून ‘ट्राउट’ पकडतात. दिसायला मोठं झकास दिसतं. पण मित्रहो, गंमत अशी की तो ट्राउट खरा ट्राउटच नाही! अंगावर ठिपके असल्यामुळे त्याला ते नाव पडलं. कुळाने तो मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या घोळ आणि ढोमा माशांचा भाऊबंद. खरा ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. इंग्रजांनी तो १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला आणि पुढे काही वर्षांनी निलगिरीत. १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसात-आठवर येतो. आता अकोल्याचा मे महिना आठवा. ट्राउट तर सोडाच, तिथे माणूसही तग धरत नाही!

समुद्र म्हणाल तर तो आपल्यापासून रेल्वेने पाचशेच्या वर किलोमीटर. आपल्या वाट्याला खारं पाणी आलं ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, तेही विहिरीतून आणि बोअरमधून. तेव्हा आपण गळ टाकणार कुठे? पूर्णेच्या उथळ पात्रात, मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाच्या काठाला, महानच्या काटेपूर्णा धरणावर, नाहीतर गावाशेजारच्या एखाद्या पाझर तलावात. म्हणजे साहित्य बनलं एका पाण्यासाठी आणि आपण उतरणार दुसऱ्याच पाण्यात. माझा सगळा मुद्दा इथून सुरू होतो.

साहित्याला मी नावं ठेवत नाही. उलट मेकॅनिकलच्या पोराला तर ते पाहून भूकच लागावी. रिळाचा ‘ड्रॅग’ म्हणजे दुसरं काय, एक छोटासा घर्षण क्लच! दोरा जेवढा ताण सोसतो त्याच्या पाव ते एक तृतीयांश ताणावर तो लावून ठेवायचा. मोठ्या माशाने झटका दिला की दोरा तुटण्याऐवजी रीळ सुटतं. जुना नायलॉनचा दोरा पाणी पितो आणि ओला झाला की थोडा कमजोर पडतो. नवा विणलेला पॉलिथिलीनचा दोरा पाणी पीत नाही, ताणला तर लांबत नाही आणि पाण्यावर तरंगतो. काठी कार्बन तंतूंची, वजनाला फुलासारखी. हे सारं इंजिनीअरिंगच आहे आणि ते हाताळावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

पण कार्बन वीजवाहक असतो, हे खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते कोण वाचतो? आपल्याकडे धरणाच्या आणि नदीच्या काठाकाठाने शेतीपंपांच्या लाइनी गेलेल्या असतात. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत रस्ता सोडून इतर जागी ११ केव्हीच्या उघड्या तारेची जमिनीपासून किमान उंची ४.६ मीटर दिली होती. आता बेरीज करा. काठी ३.६ मीटरची. ती खांद्याशी धरून उभी केली की त्यात आणखी सुमारे दीड मीटर. झाले ५.१ मीटर! वर गळ मागून पुढे फेकण्याचा झोका वेगळाच. त्यात तार झोळ खाऊन खाली आली असेल आणि पाय पाण्यात असतील, तर पुढचं इलेक्ट्रिकलवाल्यांनी सांगावं. मृगाच्या पावसात वीज कडाडत असताना तीच काठी उभी धरणं म्हणजे स्वतःच्या हाताने लायटनिंग कंडक्टर बसवून घेणं.

आता पायाखालची गोष्ट. टेक्सासच्या त्या पाण्याचा तळ बऱ्याच ठिकाणी घट्ट वाळूचा. तिथे वाळूत दडलेल्या पाकट माशाच्या काट्यावर पाय पडू नये म्हणून लोक पाय न उचलता घासत घासत चालतात. आपला तळ काळ्या मातीचा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की काठाची माती वरून वाळते, तडकते, आणि पक्की आहे असं वाटतं. त्या पापुद्र्याखाली मात्र गुडघाभर गाळ. गमबूट घालून उतरलात तर बूट तिथेच राहतो आणि तो सोडवताना माणूस तोल जाऊन पडतो. पूर्णेत वेगळाच धोका आहे. रेती उपसून झालेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्याएवढ्या पाण्यात पडतं. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात लिहितो. वेग दुप्पट तर धक्का चौपट. पेपरात लिहिलेलं पाण्यात आठवत नाही, ही खरी अडचण! दर पावसाळ्यात धरणावर, नदीवर गेलेली कॉलेजची पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात, आपण हळहळतो आणि पान उलटतो.

पूर्णाकाठच्या एका म्हाताऱ्या भोईकाकांना मी विचारलं, “काका, पाण्यात खड्डा कुठं आहे ते कसं कळतं तुम्हाला?” ते हसले. म्हणाले, “बाबू, पानी कुठं किती हाय हे तुया मोबाइलात नाई. आंधी काठी जाते, मंग पाय. पान्यात जाजो, पन काठीच्या मागं जाजो.” त्यांच्या हातात साधी वेळूची काठी होती. ती पुढे टेकवायची, तळ चाचपायचा, मगच पाऊल टाकायचं. टेक्सासवाला पायाने तळ वाचतो, आपला भोई काठीने वाचतो. दोघांचीही विद्या तिथल्या तळाची आहे. ती काही ऑनलाइन ऑर्डरच्या खोक्यातून येत नाही.

जिवाचं झालं, आता माशाचं. “धरणातला मासा काय कोणाच्या बापाचा आहे का बे?” हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला. उत्तर ऐका. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची पैदास करून दाखवली. त्या यशाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आज तलावात जी बोटुकली सोडतात ती या तंत्राने तयार होते. आपल्या भागातल्या बहुतेक जलाशयांचा आणि तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. भोई मंडळी पैसे मोजून बोटुकली आणतात, सोडतात, राखतात आणि मग काढतात. म्हणजे धरणातला रोहू हे पेरलेलं पीक आहे. कोणाच्या वावरातल्या तुरीच्या शेंगा न विचारता तोडल्या तर वावरवाला काय म्हणेल, हे शेतकऱ्याच्या पोरांना मी सांगायला नको.

आणि मरळ? मरळ ही तर काठच्या उथळ, गवताळ पाण्यातच पिलं काढते. पाण्याच्या वर लालसर पिलांचा झुबका खदखदताना दिसला तर खाली मायबाप राखणीला आहेत असं समजावं. राखणीतला मासा जवळ आलेल्या कशावरही झडप घालतो, आपल्या खोट्या माशावरसुद्धा. म्हणून पावसाळ्यात मरळ गळाला पटकन लागते आणि आपण फुशारतो. पण ती एक उचलली की मागची शेकडो पिलं इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी गेली. एका फोटोसाठी एवढी किंमत? नवं साहित्य आपल्याला नेमकं त्या उथळ पाण्यात नेऊन उभं करतं, म्हणून हा विचार आपणच करायला हवा.

यावर मित्र म्हणतात, “आमच्या चार गळांनी काय होणार आहे? लोक तर मच्छरदाण्या लावून बोटभर मासेसुद्धा ओढतात!” खरं आहे. एका पाझर तलावावर मच्छरदाणीचं जाळं मीही पाहिलं आहे. त्यात पिल्लू सुटत नाही, आणि मच्छरदाणी औषध लावलेली असेल तर ते औषध माशांसाठी विषच. पाण्यात विष कालवणं किंवा स्फोट करून मासे मारणं, यावर तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पण दुसऱ्याच्या मच्छरदाणीकडे बोट दाखवून आपला गळ पवित्र होत नाही. शिवाय पोट भरायला जाळं टाकणारा आणि टाइमपासला गळ टाकणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. ज्याला माशावाचून अडत नाही, त्याने नियम आधी पाळावेत.

दुसरा मुद्दा सरांच्या बाजूने आला : “ही भानगडच नको, बंदी घाला.” सर, माफ करा, पण बंदीने पोरं थांबणार नाहीत, फक्त सांगून जाणार नाहीत. न सांगता गेलेल्या पोराला शोधायचं कुठे? त्यापेक्षा क्लब असावा, रजिस्टर असावं आणि कोण कुठल्या पाण्यावर गेलं हे रेक्टर सरांना ठाऊक असावं.

म्हणून जिमखान्यापुढे माझी मागणी अशी. पहिली खरेदी लाइफ जॅकेट, पन्नास-साठ मीटर दोर आणि वेळूच्या काठ्या यांची व्हावी. रिळं नंतर. ज्या तलावावर जायचं तिथल्या संस्थेला आधी भेटावं, त्यांची परवानगी आणि ते म्हणतील ती फी द्यावी, आणि पहिल्या दिवशी त्यांच्यापैकीच एखाद्या जाणत्या काकांना मानधन देऊन तळ दाखवायला सोबत घ्यावं. आपण गेस्ट लेक्चरला बाहेरून माणूस बोलावतोच ना? पोहता न येणाऱ्याने काठ सोडू नये. तारेखाली काठी उघडू नये. जून ते ऑगस्ट गळ खुंटीला टांगून ठेवावा. गळाचा काटा बिनअडीचा वापरावा, लहान मासा ओल्या हाताने धरून लगेच सोडावा, आणि भर उन्हाळ्यात पकडा-सोडाचा खेळ करू नये, कारण कोमट पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. तुटलेला दोरा पाण्यात टाकून येऊ नये. तो कुजत नाही, पाखरांच्या पायात अडकून राहतो. आणि मेळघाटात सिपना, गडगा पाहून कितीही हात शिवशिवले तरी तिथे गळ काढूच नये. १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक आहे.

जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याची माणसं मोर्णा नदीतली जलकुंभी काढायला मोठ्या संख्येने उतरली होती. पाण्याशी नातं जोडायला गळच लागतो असं नाही, हे वऱ्हाडाने तेव्हा दाखवून दिलं. आपला क्लब झाला तर वर्षातून दोन रविवार त्याने काठावरचा दोरा आणि प्लॅस्टिक वेचायला द्यावेत, अशीही एक पुरवणी मी अर्जाला जोडतो आहे.

सह्यांचा कागद सध्या ‘बी’ विंगमध्ये आहे. सही करायची तर जरूर करा. फक्त माझी ती खालची ओळ वाचून करा, आणि पटली तर तिच्याखाली तुमचीही एक सही येऊ द्या!

— एक होस्टेलवासी, तृतीय वर्ष (यंत्र अभियांत्रिकी)