वर जात नाही, खाली येत नाही!

ऑफिसात कुणी गाव विचारलं आणि मी 'राळेगाव' म्हटलं, की समोरचा हमखास म्हणतो, 'अच्छा, अण्णा हजारेंचं!' नाही हो, ते राळेगणसिद्धी, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आमचं राळेगाव यवतमाळ जिल्ह्यातलं. तरी चेहरा कोराच. मग सांगावं लागतं, की 2018च्या नोव्हेंबरमध्ये अवनी वाघिणीला गोळी घातली, ते आमच्याच तालुक्यात. लगेच, 'ओ माय गॉड, तू तिथला?' म्हणजे गावात कापूस आहे, तूर आहे, माणसंही आहेत, पण पत्ता सांगायला वाघीण लागते!

असो. सांगायचंय ते वेगळंच. जूनमध्ये आठवडाभराचं 'वर्क फ्रॉम होम' पदरात पाडून मी घरी गेलो होतो. दोन रात्री झकास पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी वापसा आला. शहरी दोस्तांसाठी सांगतो, पाऊस थांबल्यावर काळी माती पायाला चिकटतही नाही आणि दगडासारखी वाळलेलीही नसते, असे मोजके दिवस मिळतात. त्याला म्हणतात वापसा. कृषी विभाग सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तेवढा झाला होता. आता पेरणीआधीची शेवटची पाळी तेवढ्यात उरकली तर उरकली. शेतकऱ्याची डेडलाइन ही अशी असते, आणि ती वाढवून देणारा बॉस ढगात बसलेला!

सकाळी सातला बाबांनी ट्रॅक्टर सुरू केला. मागे नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर. लिव्हर वर ओढली. इंजिन धडधडतंय, मागून कुंईऽऽ असा रडका आवाज येतोय आणि कल्टिव्हेटर जागचा हलायला तयार नाही. बाबा म्हणाले, 'हायड्रोलिक बसलं.'

हे प्रकरण तसं साधं आहे. ट्रॅक्टरच्या मागे अवजार उचलणारे दोन हात असतात. पंप तेल ढकलतो, तेल पिस्टनला ढकलतं आणि पिस्टन हात वर उचलतो. खाली यायला मात्र पंप लागत नाही. तेलाला परतीची वाट मोकळी करून दिली, की अवजार स्वतःच्याच वजनाने खाली येतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी मोबाइल काढला. तीन व्हिडिओ, पंधरा मिनिटं आणि निदान तयार. 'बाबा, पिस्टनची ओ-रिंग गेलीय. वरचं झाकण खोलावं लागेल.' बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पोरगा इंजिनिअर झाल्याचा अभिमान होता आणि तो कम्प्युटरचा झाल्याची आठवणही होती. झाकण खोलायचं म्हणजे एक अख्खा दिवस, काही हजार रुपये आणि मिस्त्री. आणि ऐन पेरणीत मिस्त्री मिळणं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीत रिकामी रिक्षा मिळणं! फोन लावला, तर चार दिवस बुक. पण भला माणूस, फोनवरच तीन प्रश्न विचारले.

'वर जात नाई का खाली येत नाई?'

'वर जात नाही.'

'आवाज येते का?'

'येतो. रडल्यासारखा.'

'मंग पंप जित्ता हाय, त्याले तेल भेटून नाई राह्यलं. आता सांगा भाऊ, मांगच्या खेपेले ट्रॅक्टरले काय जोडलं होतं?'

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चपलेकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी शेणखत टाकायला शेजाऱ्यांची हायड्रोलिक ट्रॉली आणली होती. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतो, आणि त्या पाइपाचा जोड दिवसभर गळत होता. डिपस्टिक काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली!

मोटारसायकल काढली, बसस्टँडजवळच्या दुकानातून पुस्तिकेत लिहिलेलंच तेल आणलं आणि खुणेपर्यंत भरलं. मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे कल्टिव्हेटर सोडून नुसते हात सात-आठ वेळा वर-खाली केले, म्हणजे आत शिरलेली हवा निघून जाते. रडका आवाज थांबला. तो थांबला नसता तर गाळणी तुंबलेली, असा त्याचा अंदाज होता. पण ती वेळ आलीच नाही. कल्टिव्हेटर जोडला, लिव्हर ओढली आणि गडी झोकात वर! ओ-रिंग बिचारी ठणठणीत होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण व्हिडिओ पाहून हुशार झालेला माणूस स्वस्थ कसा बसणार? सीटखाली एक गोल नॉब असतो. अवजार किती वेगाने खाली यावं, ते त्यावर ठरतं. पूर्ण आवळला, की अवजार वरच अडकून राहतं. रस्त्याने नेताना तसंच करावं, असं व्हिडिओत होतं आणि ते बरोबरही आहे. मी तो आवळला. आमच्या घरी त्या नॉबला कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. बाबांना सांगायचं राहून गेलं.

वावरात पोचलो. बाबांनी लिव्हर खाली केली. कल्टिव्हेटर हवेतच! 'घ्या, आता खाली येत नाई,' म्हणत बाबा इंजिन बंद करून उतरले आणि मागे गेले. मी पुन्हा मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सीटवर चढलो. बोलता बोलता डोक्यात उजेड पडला. अरे, नॉब! हात खाली घातला आणि आनंदाने म्हणालो, 'मिस्त्री, सापडलं. नॉब आवळलेला राहिलाय, आता सोडतो.'

'थांब!' पलीकडून तो ओरडला. 'खाली कोण हाय?'

मी वळून पाहिलं. दात्यांच्या मधून बाबांची पांढरी टोपी दिसत होती. कुठे पिन अडकलीय का, ते पाहायला ते कल्टिव्हेटरखाली शिरले होते.

'बाबा, बाहेर या.'

'थांब ना, हे पिन पाहून राह्यलो.'

'बाबा, आधी बाहेर या!'

बाबांशी इतक्या वरच्या पट्टीत मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ते बाहेर आले. पार धुऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. मी नॉब अर्धा फेरा सोडला. दोन-अडीचशे किलोचं ते धूड एका दमात खाली आलं आणि दाते ओल्या मातीत रुतले. क्षणभरापूर्वी बाबांची पाठ होती, बरोब्बर तिथे.

दोघंही काही बोललो नाही. बाबांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, 'चाल, उशीर झाला.' माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. वावर मात्र त्याच दिवशी उरकलं, आणि रात्री पुन्हा पाऊस आला.

नंतर वाचलं, की ही लिफ्ट आणि तीन ठिकाणची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची देणगी. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढायला बांधलेला असे. तो खडकात अडकला, की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि तो चालकावरच उलटे. फर्ग्युसनच्या जोडणीने तो धोका बराच कमी केला. 1938मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसतं हस्तांदोलन करून व्यवहार ठरवला आणि 1939मध्ये तसा ट्रॅक्टर बाजारात आला. म्हणजे माणूस ट्रॅक्टरखाली जाऊ नये म्हणून आलेली व्यवस्था, आणि आम्ही बापलेक तिच्याच खाली!

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं, तर अलिबागचा मित्र हसायला लागला. त्याच्या काकांच्या स्पीडबोटीचं असंच झालं होतं. स्टर्नड्राइव्हच्या बोटीत इंजिन आत असतं, आणि पंख्याचा पाय मागे पाण्यात. उथळ पाण्यात तो पाय हायड्रोलिकने वर घेतात. ऐन भरतीच्या वेळी तो ना वर जाईना ना खाली येईना. तिथेही क्रम हाच. आधी बॅटरी आणि फ्यूज. मग बटण दाबून कान द्यायचा. मोटार एकाच दिशेला चालते का? मग दुसऱ्या दिशेचा रिले पाहा. मोटार फिरतेय आणि पाय ढिम्म? मग तेल. पंप खोलायचा तो सगळ्यात शेवटी. आणि पायाखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय हात घालायचा नाही.

आपण ऑफिसात नेमकं उलटं करतो ना? बग आला की थेट ओ-रिंग! आता आमच्या टीममध्ये काही अडकलं, की मी मिस्त्रीचा तिसरा प्रश्न आधी विचारतो, शेवटी कुणी काय जोडलं होतं? आणि सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी हमखास ओरडतो, 'खाली कोण हाय?' पोरं हसतात. हसू देत.

परवा बाबांचा फोन आला होता. पऱ्हाटी बरी आहे म्हणाले. मग हळूच, 'त्या नॉबले लाल कापड बांधून ठेवलं बाप्पा. तू आला, की उगाच फिरवशीन!'