इसार दिला म्हणजे गुंतवणूकदार झालो का?

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतले एक बांधव पत्नीला घेऊन घरी आले. गोदामात हमाली करणारा कष्टाळू माणूस. त्यांनी पिशवीतून नीट जपून ठेवलेली एक पावती काढून आमच्यापुढे ठेवली. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी मालवाहू गाडीसाठी १४ महिन्यांपूर्वी त्यांनी २५ हजार रुपये भरले होते. गाडी अजून तयार झालेली नाही. कंपनीने दाखवले ते फक्त चित्र. पावतीवर मात्र ठळक अक्षरांत छापले होते, 'आमच्या पहिल्या हजार भागीदारांपैकी एक'.

"दादा, आम्ही कंपनीत पैसा गुंतवला आहे ना? कंपनी मोठी झाली की आमचाही फायदा होईल ना?" त्यांनी विचारले. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "त्यात माझ्या भिशीचे १२ हजार आहेत."

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न एका घरापुरता नाही. आज जो तो गाडी बाजारात येण्याआधीच नोंदणी करा म्हणून सांगत आहे. सबब या विषयावर चार गोष्टी स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

आपल्याकडे इसार हा शब्द जुना आहे. जागेचा सौदा ठरला की इसार देतात, सुताराला कपाट सांगितले की आगाऊ रक्कम देतात. सुताराला ५०० रुपये दिले म्हणून त्याच्या दुकानात आपला वाटा होतो काय? होत नाही. आपला हक्क दोनच गोष्टींवर असतो. ठरलेली वस्तू, नाहीतर दिलेले पैसे. गुंतवणूकदाराचे तसे नसते. तो धंद्यात वाटा विकत घेतो. धंदा वाढला तर त्याच्या वाट्याची किंमत वाढते, नफ्यातून लाभांश मिळू शकतो, सभेत मत देता येते. धंदा बुडाला तर त्याचेही बुडते. इसार देणारा हा गिऱ्हाईक आहे. पावतीवर भागीदार छापल्याने तो भागीदार होत नाही.

टाटांच्या नॅनो गाडीचे उदाहरण घ्या. २००९ च्या एप्रिल महिन्यात तिची नोंदणी झाली. सुमारे २ लाख ३ हजार लोकांनी अर्ज भरले, त्यातल्या पहिल्या १ लाखांची निवड सोडत काढून झाली. नव्या कारखान्यातून पुरेशा गाड्या निघण्याआधीच हा सगळा पैसा जमा झाला होता. ज्यांनी आपली रक्कम पुढच्या वाटपासाठी तशीच ठेवली त्यांना सुमारे साडेआठ टक्के व्याज देऊ केले गेले. त्याच २००९ साली कंपनीच्या समभागाचा भाव कित्येक पटींनी चढला. त्या चढलेल्या भावातला एक पैसाही नॅनोची नोंदणी करणाऱ्याला मिळाला नाही, आणि मिळण्याचे कारणही नव्हते. त्याला गाडी मिळाली. सौदा तेवढाच होता आणि तो पाळला गेला.

आता अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. तिथे एलिओ मोटर्स नावाच्या कंपनीने तीन चाकांची, दोन माणसांची स्वस्त गाडी देऊ असे जाहीर केले. किंमत सांगितली ६,८०० डॉलर. १०० ते १,००० डॉलर भरून सुमारे ६५ हजार लोकांनी नंबर लावले. त्यात दोन प्रकार होते. एक परत मिळणारी रक्कम, दुसरी परत न मिळणारी. परत न मागणाऱ्याला रांगेत पुढची जागा. पुढे त्याच कंपनीने सामान्य लोकांना १२ डॉलरला एक याप्रमाणे समभागही विकले. २०१६ साली त्या समभागांची खरेदी-विक्री सुरू झाली आणि भाव काही काळ खूप वर गेला. म्हणजे एकाच कंपनीत दोन रांगा होत्या. एक नंबर लावणाऱ्यांची, दुसरी भागधारकांची. भाव चढला तेव्हा विकून मोकळे होण्याची सोय फक्त दुसऱ्या रांगेला होती. गाडी मात्र आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या दारी उभी राहिली नाही.

यातून एक कडू गोष्ट ध्यानात येते. इसार देणाऱ्याला गुंतवणूकदाराचा फायदा मिळत नाही, पण धोका तोच पत्करावा लागतो. त्याच्या पैशावर कंपनी यंत्रे घेते, पगार भागवते, जाहिरात करते. बिनव्याजी कर्जच म्हणा ना.

कंपनी बुडाली तर काय? दिवाळखोरीच्या कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन फ्लॅटसाठी पैसे भरणाऱ्यांना बँकांसारख्या वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. गाडीसाठी आगाऊ रक्कम देणाऱ्याला तो नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की, माल किंवा सेवेसाठी आगाऊ पैसे देणारा हा व्यवहारातला धनको होय. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली की आधी तारण असलेल्या बँका आणि कामगारांची थकबाकी, मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्ज देणारे, सरकार, आणि त्यानंतर आपण. भागधारक आपल्याही मागे, हे खरे. पण तोवर भांड्यात काय उरते ते आपण जाणताच.

कोणी म्हणेल, पूर्वी चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावत आणि आलेला नंबर 'ऑन' घेऊन विकत, ती गुंतवणूक नव्हती का? ती टंचाईवरची सट्टेबाजी होती. कंपनीत त्यांचा वाटा तेव्हाही नव्हता. आणि टंचाई संपली की ऑनही संपला.

मग आपल्या हाती काही नाही काय? आहे. गिऱ्हाईक असणे ही कमीपणाची गोष्ट नाही, त्यात हक्क आहेत. २०१४ च्या नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने साधारणपणे ३६५ दिवसांत त्या मालापोटी वळती करावी लागते. तसे न झाल्यास ती रक्कम ठेव मानली जाते आणि ठेवी घेण्याचे कडक नियम कंपनीला लागू होतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात थोडी रक्कम भरलेला माणूसही ग्राहकच धरला आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी गाडी घेतली तरी तो ग्राहकच राहतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी. राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

पैसे देण्याआधी एवढे विचारा. रक्कम परत मिळते काय आणि किती दिवसांत? हे लेखी आहे काय? गाडी देण्याची तारीख लिहिली आहे काय? पैसे कोणाच्या नावावर जातात, कंपनीच्या की दलालाच्या? कोणी भागीदार म्हणाला तर सरळ विचारा, समभाग किती आणि कागद कुठे आहे? उत्तर नसेल तर आपण गिऱ्हाईक आहोत, आणि गिऱ्हाइकाने गेले तर चालेल तेवढेच पैसे आधी द्यावेत. कर्ज काढून किंवा दागिना मोडून इसार देऊ नये.

आमच्या त्या बांधवांचे १४ महिने, म्हणजे ३६५ पेक्षा जास्त दिवस होऊन गेले होते. आम्ही त्यांच्यासोबत बसून रक्कम परत मागणारा अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी तो त्यांनी पोचपावतीसह पोस्टाने पाठवला. उत्तर अजून आलेले नाही. न आल्यास पुढची पायरी ग्राहक आयोगाची, हे ठरले आहे. अर्जावर सही करून भाऊ उठले, तेव्हा वहिनींनी तो हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "यात माझंही नाव घालता येईल का? पैसे माझेही आहेत." पावती एकट्याच्या नावाची होती. पुढच्या वेळी पैसे ज्यांचे, त्या सर्वांची नावे पावतीवर घाला.