दुकानदारीची विद्या कोणासाठी?

‘दुकान चालवायला पदवी कशाला हवी?’ हा प्रश्न किरकोळ विक्री व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला प्रथम स्वतःच्या घरातच ऐकावा लागतो. विचारणारे अगदीच चुकीचे नसतात. आपल्या बाजारपेठांतील कित्येक दुकाने तीन-तीन पिढ्या चालली, ती पदवीवाचूनच. मुलगा शाळा सुटल्यावर गल्ल्याजवळ बसे. उधार कोणाला द्यावे आणि कोणाला नाही, हे वडिलांच्या नजरेवरून ओळखे. मिसरूड फुटेपर्यंत रोजमेळ व खतावणी त्याच्या अंगवळणी पडलेली असे.

परंतु या युक्तिवादात वडिलांचे दुकान गृहीत धरलेले आहे. ज्याचे वडील शेतमजूर, गिरणीकामगार किंवा शिपाई होते, त्याने ही विद्या कोठून घ्यावी? व्यापाराचे ज्ञान आपल्याकडे दीर्घकाळ ठरावीक घराण्यांत आणि जातींत राहिले. नोकराला वजन करू देत. खरेदीचा भाव मात्र त्याला कळू देत नसत. ही घरातली विद्या कोणालाही शिकता येईल अशा रूपात मांडणे, हेच माझ्या मते या अभ्यासक्रमाचे खरे मोल आहे. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत 1948 साली सुरू झालेल्या सहकारी भांडारातून पुढे ‘अपना बाजार’ उभा राहिला. व्यापारी घराण्याबाहेरच्या माणसांनाही दुकान चालवता येते, याचा तो जुना दाखला आहे.

‘साठ्याची उलाढाल’ ही एकच संकल्पना घ्या. दहा हजार रुपये डाळीत गुंतवले, शंभरामागे पाच रुपये सुटले आणि माल महिन्यातून दोनदा विकला गेला, तर वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. तेच दहा हजार काचेच्या भांड्यांत घातले, शंभरामागे चाळीस सुटले, पण माल वर्षातून एकदाच हलला, तर हाती येतात चार हजार. मुरलेला दुकानदार हे गणित न मांडता जाणतो. नवख्याला मात्र चाळीस टक्के भुरळ घालतात आणि फळीवर धूळ साचत राहते. ती चूक पदरचे पैसे घालवून शिकण्यापेक्षा वहीत शिकलेली बरी.

अभ्यासक्रमातील सर्वच प्रकरणे मात्र इतकी जवळची वाटणार नाहीत. दुकानातील मांडणीचा विचार बहुधा स्वयंसेवा पद्धतीच्या दुकानाला धरून केलेला असतो. 1916 साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ दुकान काढले आणि ग्राहकाच्या हाती टोपली दिली. तेव्हापासून माल कोणत्या फळीवर, किती उंचीवर ठेवावा याला महत्त्व आले. आपल्या वाण्याच्या दुकानात माल फळीवर असतो आणि गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे. मांडणीचे काम तेथे दुकानदाराची जीभ करते. पाठ्यपुस्तके या जिभेविषयी फारसे बोलत नाहीत, ही मला त्यांची उणीव वाटते.

पदवीनंतर लगेच वातानुकूलित खोली व खुर्ची मिळेल, अशा समजुतीनेही कोणी येऊ नये. पहिली नोकरी बहुधा विक्रीदालनात, आणि तीही उभ्यानेच असते. दुकानातील कामगारांना बसण्याची सोय द्यावी, यासाठी तामिळनाडूला 2021 साली कायद्यात तरतूद करावी लागली, यावरून या कामाचे स्वरूप ध्यानात यावे. उद्याच्या व्यवस्थापकाने नफ्याच्या गणिताबरोबर ही तरतूदही वाचावी. ज्यांचे पाय दुखले आहेत, त्यांना ती अधिक चांगली समजेल.

आपल्यापैकी अनेकजण आजही दिवसभर दुकानात उभे राहून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. महाविद्यालयात पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुणापेक्षा आपण मागे आहोत, असे त्यांना वाटते. मला ते उलट वाटते. साठ्याचे प्रकरण वाचून झाले की आपल्या दुकानातील एकच फळी निवडावी. सोमवारी तिच्यावर किती पुडे होते, आठवड्यात नवे किती आले आणि पुढच्या सोमवारी किती उरले, हे चार आठवडे टिपून ठेवावे. मालक खरेदीचा भाव कदाचित आजही सांगणार नाही. पुडे मोजायला मात्र त्याची परवानगी लागत नाही.