तांबड्या अक्षरांची दहशत

प्रोग्रॅमिंगला डोके लागते आणि ते आमच्या मुलाला नाही, असे सांगणारे आईबाप हल्ली घरोघर भेटतात. सांगतात तेही मुलाच्या देखत. पूर्वी हा मान गणिताचा होता, आता तो संगणकाकडे आला आहे. जरा खोलात शिरून चौकशी करावी तर कळते ते असे: मुलाने वर्गात जावाचा प्रोग्रॅम लिहिला, पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली, सर आले, दोन ठिकाणी काहीतरी टिचकावून गेले, अक्षरे नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उमटली आणि त्या दिवशी सरांना वेळ नव्हता. एवढ्या पुराव्यावर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीचा निकाल लागतो! माझे म्हणणे असे, की हा निकाल मुलाचा नसून शिकवणाऱ्यांचा आहे. फराळाच्या दिवसांत मी हे जरा तिखट बोलणार आहे. वाचकांनी ते चिवड्यातल्या मिरचीप्रमाणे गोड मानून घ्यावे.

ही तांबडी अक्षरे म्हणजे काय, हे आधी पाहू. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत 1991 साली जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहकारी घरगुती उपकरणांसाठी एक भाषा घडवू लागले. तिचे पहिले नाव ओक. 1995 साली ती जावा या नावाने जगापुढे आली. तिच्या आधीची, आणि तिच्याइतकीच प्रसिद्ध, सी ही भाषा मोठी मुखदुर्बळ. पाच खणांची मांडणी करून सहाव्या खणात हात घातला तरी ती बापडी काही बोलत नसे. तिथे शेजाऱ्याचे जे काही पडले असेल ते उचलून देई, आणि नुकसान कळे ते तिसऱ्याच ठिकाणी. जावाच्या कर्त्यांनी मुद्दाम ठरवले, की आमची भाषा अशा वेळी थांबेल आणि ओरडेल. म्हणजे ज्या ओरडण्याला आमची मुले भितात, तो त्या भाषेचा दोष नव्हे, गुण आहे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली म्हणून कोणी कुकर फेकून देत नाही. आम्ही मात्र शिट्टी झाली की मुलालाच स्वयंपाकघराबाहेर काढतो.

आता हे ओरडणे वाचायचे कसे, हे कोठे शिकवतात? मी पाहिलेल्या वह्यांत तरी कोठे आढळले नाही. जावा काही केवळ इंजिनिअरिंगच्या मुलांचा विषय नव्हे, आय. सी. एस. ई.च्या नववी-दहावीची मुलेही तो शिकतात. या वह्या सुवाच्य असतात, समासासह असतात, त्यांत प्रोग्रॅम असतात, त्यांखाली बिनचूक उत्तरे असतात. चूक नावाची गोष्ट त्या वहीत औषधालाही सापडत नाही. आणि हाच विषय असा आहे, की त्यात नोकरी करणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस चुका हुडकण्यात जातो! पोहणे शिकवणाऱ्याने पाण्याचा उल्लेख टाळावा, तसा हा प्रकार आहे.

वाचण्याची रीत अवघड नाही. जावा दोन वेळा तक्रार करते. एकदा, तुम्ही लिहिलेले ती यंत्राच्या उपयोगाचे करून घेते तेव्हा. हे काम करणाऱ्याला कम्पायलर म्हणतात आणि तो व्याकरणाच्या पंतोजीसारखा असतो. दुसऱ्यांदा, प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू असताना. पंतोजींच्या तक्रारींची यादी लांबलचक निघाली तर पहिली तेवढी वाचावी, ती दुरुस्त करावी आणि पुन्हा विचारावे. एक महिरपी कंस मिटायचा राहिला तर पंतोजी वीस तक्रारी नोंदवतात, आणि कधी 'फाइल संपली तरी वाचन पुरे झाले नाही' एवढेच म्हणून शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात. कंस राहिलेला असतो मधेच कोठेतरी. हे एकदा सांगून ठेवले म्हणजे मूल शेवटच्या ओळीकडे तासभर पाहत बसत नाही. चालत्या प्रोग्रॅमची तक्रार आली तर वरची ओळ वाचावी, काय झाले ते तिथे असते. मग खाली उतरत जावे आणि ज्या ओळीत आपल्या स्वतःच्या फाइलचे नाव दिसेल तिथे थांबावे. नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यापुढे आकडा असतो. तो आपल्या ओळीचा क्रमांक. घराचा पत्ता, मजला आणि खोली, सगळे दिलेले असते! तरी आमची मुले 'सर, एरर आली' एवढेच म्हणतात. कोणती आली, असे विचारले तर म्हणतात, 'मोठी आली.'

येथे आमचे एक विद्वान मित्र म्हणतात, की हे सारे इंग्रजीत असते, मराठी शाळेतल्या मुलाने ते वाचावे कसे? हा आक्षेप ऐकायला कळवळ्याचा आहे, पण आळसाचा आहे. हे इंग्रजी शेक्सपिअरचे नव्हे. नवशिक्याच्या वाट्याला येणाऱ्या तक्रारी ठराविक आहेत. 'कॅनॉट फाइंड सिंबल' म्हणजे हे नाव मला ठाऊक नाही. मुलाने मोठ्या लिपीतला एस लहान काढलेला असतो, किंवा नाव लिहिताना एक अक्षर गाळलेले असते. 'इन्कम्पॅटिबल टाइप्स' म्हणजे तांदळाच्या डब्यात तेल ओतू नका. 'इंडेक्स फाइव्ह आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ फाइव्ह' म्हणजे खण पाच आहेत, आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे शेवटच्या खणाचा क्रमांक चार आहे. तुम्ही पाचवर हात घातलात. फेरीच्या अटीत 'पेक्षा लहान' असे लिहायचे तिथे 'पेक्षा लहान किंवा बरोबर' असे लिहिले गेले, एवढीच ती भानगड. अशी दहा-पंधरा वाक्ये मराठीत समजावून एका कागदावर लिहून द्यायला मास्तरांची एक दुपार पुरे. वर्षभरात तेवढी दुपार सापडत नसेल, तर इंग्रजीच्या नावाने बोटे मोडू नयेत.

जावाचेही काही चुकले होते, हे मी नाकारीत नाही. नवशिक्यांना सर्वांत छळणारी तक्रार म्हणजे नल पॉइंटर एक्सेप्शन. पाकिटावर पत्ता लिहिण्याची जागा आहे, पण पत्ताच लिहिलेला नाही, आणि पोस्टमनला सांगितले की जा, देऊन ये: अशी ती स्थिती. ही रिकाम्या पत्त्याची कल्पना टोनी होर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने 1965 साली एका भाषेत आणली आणि पुढे 2009 साली ती आपली महागात पडलेली चूक होती असे त्यांनी जाहीर सभेत कबूल केले. जावाने वर्षानुवर्षे ही तक्रार केली ती अर्धवट. ओळ सांगे, पण त्या ओळीतल्या चार पाकिटांपैकी रिकामे कोणते ते सांगत नसे. 2020 साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीत ती सोय झाली. तसेच 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' हा मंत्र. पहिल्या दिवशी मुलाकडून तो घोकून घेत, आणि अर्थ विचारला तर 'पुढे कळेल' असे उत्तर मिळे. 2025 च्या सप्टेंबरात पंचविसावी आवृत्ती आली, तिच्यात साध्या प्रोग्रॅमसाठी या मंत्राची गरजच उरली नाही. भाषा तीस वर्षांनी का होईना, मुलांसाठी एक पायरी खाली उतरली. आमच्या वर्गांतला मंत्रघोष मात्र मला अजून ऐकू येतो.

पण खरी कसोटी लागते ती जावा ओरडत नाही तेव्हा. एका मुलीने गुणपत्रिकेचा प्रोग्रॅम केलेला मी पाहिला. पन्नासपैकी त्रेचाळीस गुण. त्रेचाळीसला पन्नासने भागायचे आणि शंभराने गुणायचे. रीत शाळेतलीच, काडीची चूक नाही. उत्तर आले शून्य टक्के! पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की जावा अपूर्णांक टाकून देते; त्रेचाळीस भागिले पन्नास म्हणजे तिच्या लेखी शून्य, आणि शून्याला कितीने गुणले तरी शून्यच. त्या वर्गात पन्नासपैकी पन्नास मिळवणाराला शंभर टक्के आणि बाकी साऱ्यांना भोपळा. (काही शाळांचे धोरण पाहता हा प्रोग्रॅम बरोबरच होता, असेही कोणी म्हणेल.) आधी शंभराने गुणून मग भागले, की शहाऐंशी येतात. त्या मुलीने तीन दिवस स्वतःला मूर्ख म्हणवून घेतले होते. तिला कोणीतरी एवढेच सांगायला हवे होते, की मधला आकडा छापून बघ. मधला आकडा छापून बघणे, ही चुका शोधण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत चालणारी युक्ती आहे. तिला कोणत्याही वहीत जागा नाही, कारण ती परीक्षेत विचारीत नाहीत.

दुसरे उदाहरण याहून कपटी. आपल्याकडे लग्नात सारख्या घडणीचे दोन तांबे येतात, दोहोंवर एकच नाव घातलेले असते. 'हा तोच तांब्या का?' हा एक प्रश्न आणि 'यावर तेच नाव आहे का?' हा दुसरा. जावात दोन शब्दांमध्ये दोनदा बरोबरचे चिन्ह, म्हणजे ==, घातले की पहिला प्रश्न विचारला जातो; दुसरा विचारायचा तर इक्वल्स लिहावे लागते. गंमत अशी, की प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेले सारखे शब्द जावा एकाच ठिकाणी ठेवते. त्यामुळे फळ्यावर सरांनी दोन शब्द लिहून == लावले तर उत्तर 'होय' येते, आणि वर्ग टाळ्या वाजवतो. घरी येऊन मुलाने तोच शब्द टंकून आत घेतला, की उत्तर 'नाही'. अक्षर न् अक्षर जुळते, तरी 'नाही'! आकड्यांचे तर याहून विचित्र. इंटिजर नावाच्या डबीत घालून ठेवलेले दोन शंभर या चिन्हाने जुळतात आणि दोन दोनशे सहसा जुळत नाहीत. कारण उणे 128 ते 127 पर्यंतच्या डब्या जावा आधीच करून ठेवते आणि त्याच पुन्हा पुन्हा देते. मुलाला हे कारण न सांगता 'इक्वल्स वापर, मार्क जातील' असे सांगणारा गृहस्थ शिक्षक नव्हे, तो गाइड आहे, आणि तेही बाजारात स्वस्त मिळते.

नेक्स्टइंट आणि नेक्स्टलाइनचा घोळ त्याच जातीचा. आधी हजेरी क्रमांक विचारला, मग नाव विचारले, तर नाव न घेताच प्रोग्रॅम पुढे पळतो. क्रमांकानंतर दाबलेली एंटरची कळ, पाहुणा गेला तरी दारात राहिलेल्या चपलांसारखी, तिथेच पडलेली असते. नेक्स्टलाइन तेवढीच उचलते आणि समाधान पावते. मधे एक नेक्स्टलाइन नुसती लिहून त्या चपला दूर केल्या, की झाले.

या सगळ्याहून मला चीड आहे ती एका उपायाची, आणि तो वर्गावर्गांत उघड शिकवला जातो. तक्रार आली की ट्राय आणि कॅच यांच्या चिमट्यात तो भाग धरायचा आणि कॅचचा कंस रिकामा ठेवायचा. म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा! अक्षरे नाहीशी होतात, मुलाला वाटते साधले. गुणांची यादी असलेली फाइल सापडली नाही, तरी प्रोग्रॅम हसतमुखाने चालतो आणि कोरी गुणपत्रिका छापतो. हीच सवय घेऊन हा मुलगा उद्या बँकेत किंवा इस्पितळात लागणार आहे. तिथे कोऱ्या गुणपत्रिकेच्या जागी काय छापले जाईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अलीकडे नवे शहाणे निघाले आहेत. ते म्हणतात, आता यंत्रालाच विचारावे, तक्रार त्याच्यापुढे टाकावी, ते दुरुस्त करून देते. वाचण्याची कटकट कशाला? यंत्राला विचारण्यात पाप नाही, मीही विचारतो. परंतु रिकाम्या पाकिटाची तक्रार घालवण्याचे दोन मार्ग असतात. एक, पत्ता का लिहिला गेला नाही ते शोधणे. दुसरा, 'पाकीट रिकामे असेल तर सोडून दे' अशी ओळ घालणे. दोन्हींनी तांबडी अक्षरे जातात. दुसऱ्याने एका मुलाचे नाव यादीतून कायमचे जाते. यंत्राने कोणता मार्ग धरला, हे ज्याला तक्रार वाचता येते त्यालाच ओळखता येईल.

माझी मागणी लहान आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत पाठ केलेला प्रोग्रॅम लिहून घेणे बंद करावे. मुलाच्या हाती एक बिघडलेला प्रोग्रॅम द्यावा, त्याची तक्रार द्यावी, आणि विचारावे: ही काय म्हणते, कोणत्या ओळीवर म्हणते, आणि तू काय करशील? एका परीक्षकांना मी हे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, की मग प्रत्येक उत्तर वाचून पाहावे लागेल. ते म्हणाले ते अगदी खरे आहे.