टेम्पो घेतला म्हणून सगळा खर्च नव्हे



‘टेम्पोची पूर्ण किंमत त्याच वर्षी खर्चात टाका’ हा गिरगावकर वाचकाचा सल्ला लालबागच्या एखाद्या मसालेवाल्याने मानला, तर बिचारा नोटिशीला उत्तरं देत बसेल. वाहन ही मालमत्ता. खर्चात जातो तो घसारा. आयकरात स्वतःचा माल वाहणाऱ्या टेम्पोला १५ टक्के, भाड्याने चालवण्याचा धंदा असेल तर ३० टक्के. आठ लाखांचा टेम्पो दिवाळीत हार घालून रस्त्यावर आणला, की मार्चअखेर वापर १८० दिवसांच्या आतच भरतो आणि दर निम्मा होतो. म्हणजे पहिल्या वर्षी फक्त ६०,००० रुपये. पुढच्या वर्षी उरलेल्या ७,४०,००० वर १,११,०००.

ताडदेवच्या आरटीओत भरलेली नोंदणी किमतीत मिळवावी, विमा त्या त्या वर्षाच्या खर्चात. हप्त्यातली मुद्दल खर्च नव्हे. गाडी वापरात आल्यानंतरचं व्याज खर्च. गल्ल्यातून नोटा मोजून द्यायची हौस असलेल्यांसाठी: एका दिवसात एकाला १०,००० रुपयांहून जास्त दिलेली रोकड किमतीत धरलीच जात नाही. आणि आयकरात अंदाजित नफा दाखवणाऱ्यांना घसारा वेगळा मागताच येत नाही.

— एक वाचक, परळ