‘कोर्ट’ कोरडा आहे का?

१७ एप्रिल २०२५ रोजी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ चित्रपटगृहांत लागल्याला दहा वर्षे पूर्ण झाली. दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याने दोन मोठे सन्मान मिळवले, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ घेतले आणि भारताकडून ऑस्करसाठीही तोच गेला. एवढे होऊनही अनेक मराठी प्रेक्षक त्याच्याबद्दल आजही एक तक्रार करतात: चित्रपट हुशार आहे, खरा आहे, पण कोरडा आहे, आत काही हलत नाही. ताम्हाणे यांच्याच २०२० च्या ‘द डिसायपल’नंतर हीच तक्रार आणखी मोठ्याने ऐकू आली. ही तक्रार करणारे अजाण नाहीत, म्हणून तिला ‘तुम्हाला कळला नाही’ असे उत्तर देणे उद्धटपणाचे ठरेल.

आपला प्रेक्षक ‘श्यामची आई’ पाहून रडला, ‘माहेरची साडी’ पाहून रडला, आणि त्या रडण्यात कमीपणाचे काहीही नाही. अंधारात शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर डोळे पुसणे हे सिनेमाने समाजाला दिलेले मोठे देणे आहे. त्या सवयीने ‘कोर्ट’ पाहायला बसलेल्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखे होणारच. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराला भर कार्यक्रमात पोलीस घेऊन जातात, त्याच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने आत्महत्या केली असा आरोप ठेवला जातो, जामीन अडतो, तारखा पडत राहतात. आणि कॅमेरा आपला दूर तिवईवर उभा. चेहऱ्याजवळ जात नाही. दुःखाच्या क्षणी मागून व्हायोलिन वाजत नाही. आता हेलावायचे आहे, असा इशारा प्रेक्षकाला कुठूनच मिळत नाही.

पण वासुदेव पवार या मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष आठवून पाहावी. शर्मिला पिंजऱ्यात उभी आहे, वकील विचारतात तेवढ्याचे उत्तर देते. नवऱ्याकडे सुरक्षेची साधने नव्हती. वासामुळे तो दारू पिऊन आत उतरायचा. एक डोळा गटारातल्या वायूने गेलेला. मॅनहोलमध्ये तो आधी खडा टाकून पाहायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. हे ती ज्या सुरात सांगते, त्याच सुरात ती रेशनकार्डावरचा पत्ताही सांगेल. न्यायाधीशांच्या तोंडून प्रत्येक वाक्य नोंदीच्या भाषेत फिरून लिहिले जाते, आणि माणसाचे मरण कागदावर चढते. पुढे बचावाचे वकील तिला गाडीतून घरी सोडतात, पैसे देऊ करतात. ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते.

या प्रसंगात ती रडली असती, कॅमेरा तिच्या डोळ्यांवर गेला असता, तर आपणही रडलो असतो आणि मोकळे झालो असतो. दिग्दर्शकाने ती मोकळीक दिली नाही. त्यामुळे ते झुरळ आपल्यासोबत घरी येते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारातल्या मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हे निकाल महत्त्वाचेच आहेत. पण खडा टाकून झुरळाची वाट पाहणारा माणूस ज्यांना डोळ्यांपुढे दिसतो, त्यांना तो ‘कोर्ट’ने दाखवला आहे. माणसाला इतके जवळून ओळखणाऱ्या चित्रपटाला थंड म्हणणे आम्हाला पटत नाही.

थंड आहे ती न्यायालयाची खोली. दिग्दर्शकाने तिचा गारठा झाकला नाही, एवढेच. एक प्रकरण संपले तरी कॅमेरा हलत नाही. पुढची माणसे येतात, कागद सरकतात, बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे प्रकरण न ऐकताच पुढे ढकलले जाते. ज्याला माणसांविषयी काही वाटत नाही, तो दिग्दर्शक सरकारी वकील नूतनच्या मागे तिच्या घरापर्यंत कशाला जाईल? त्या म्हाताऱ्याला एकदाची वीस वर्षे द्यावीत आणि प्रकरण मिटवावे, असे सहज बोलून जाणारी ही बाई लोकलमध्ये ऑलिव्ह तेलाच्या गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, सगळ्यांचा स्वयंपाक करते. गीतांजली कुलकर्णींनी ती इतक्या साधेपणाने उभी केली आहे की तिचा राग करणे अवघड होते. ती दुष्ट असती तर प्रेक्षकाची सोय झाली असती. ती आपल्यातलीच निघते, दिवसभर राबून थकलेली, आणि न्याय कुठे हरवतो ते तिच्या त्या थकव्यात दिसते. विरोधी बाजूच्या माणसाला इतकी समजूत देणे ही माया नाही तर काय आहे?

तक्रारीत तथ्य मात्र आहे. नूतन कुटुंबासह ज्या नाटकाला जाते, ते परप्रांतीयांविरुद्धचे नाटक आणि त्यावर खळखळून हसणारे प्रेक्षागृह हा प्रसंग मुद्दा सिद्ध करण्यासाठी ठेवल्यासारखा वाटतो. एरवी माणसांना वेळ देणारा कॅमेरा तिथे त्यांच्याकडे नमुने म्हणून पाहतो. शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेतात, मुले दचकवतात, ते एका मुलाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ही थप्पड आमच्या मते अनावश्यक होती. त्याआधी सुट्टीसाठी रिकामे झालेले न्यायालय, एकेक मालवणारे दिवे आणि बराच वेळ टिकणारा अंधार यांत सगळे सांगून झाले होते. दिग्दर्शक कोरडा वाटतो तो अशा ठिकाणी, जिथे त्याचा निष्कर्ष माणसांच्या पुढे धावतो.

‘द डिसायपल’मध्ये तसे फारसे होत नाही. शास्त्रीय गायन शिकणारा शरद नेरूळकर रात्रीच्या मुंबईत उड्डाणपुलांवरून दुचाकीने जातो, कानात गुरुजींच्या गुरू माई यांच्या जुन्या ध्वनिफिती, आणि चित्र मंद गतीने तरंगत राहते. तो आजारी गुरुजींचे अंग चोळतो, त्यांच्या औषधपाण्याचे पाहतो, आणि हळूहळू आपल्या लक्षात येते की या मुलाकडे निष्ठा आहे, कष्ट आहेत, गळा मात्र तेवढा नाही. हे कोणी बोलून दाखवत नाही. पंचविशीत पाहिलेले स्वप्न चाळिशीच्या उंबरठ्यावर गुपचूप बाजूला ठेवलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यावर इतक्या अदबीने केलेला दुसरा मराठी चित्रपट आम्हाला चटकन आठवत नाही.

माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या. त्याच्या सहा दिवस आधी, १३ एप्रिलला, नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपुरात करोनाने गेले. साथीदार व्यवसायाने नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते होते, ‘विद्रोही’चे संपादक होते. पोलीस, चौकशी आणि तारखा त्यांनी अभिनयासाठी शिकल्या नव्हत्या, म्हणून पिंजऱ्यातला कांबळे न्यायाधीशांकडे पाहतो तेव्हा त्या नजरेत ना भीती असते ना याचना. दूरच्या कॅमेऱ्यातूनही ती नजर पोहोचते.

पोहोचते, पण मोठ्या पडद्यावर. तक्रारीचे एक कारण आता बदललेल्या पाहण्यातही आहे. गेल्या काही वर्षांत बहुतेकांनी हे दोन्ही चित्रपट मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर पाहिले. तिथे मागच्या बाकावर बसलेली बाई, दाराशी उभा शिपाई, कोपऱ्यात हात बांधून थांबलेला आरोपीचा नातेवाईक यांचे चेहरे इतके लहान होतात की ते दिसतच नाहीत, आणि ते दिसले नाहीत तर चौकटीत उरतात फक्त भिंती. रुंद चौकटीत विखुरलेल्या माणसांना शोधत फिरणारी नजर हाच या चित्रपटांचा भावनिक व्यवहार आहे. लहान पडद्यावर तो व्यवहार होत नाही.

म्हणून दहा वर्षांच्या निमित्ताने ‘कोर्ट’ पुन्हा चित्रपटगृहांत यावा. मुंबई-पुण्याच्या एखाद्या महोत्सवात एक खेळ लावून भागणार नाही. नागपुरात, साथीदारांच्या शहरात, तो आधी लागावा. मग जिल्ह्याच्या ठिकाणी, जमल्यास वकील संघांच्या पुढाकाराने आणि विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी कमी तिकिटात. सफाई कामगारांच्या वस्त्यांतही तो दाखवला जावा. शर्मिलाची साक्ष कोरडी आहे की नाही, हे त्या वस्तीतल्या बायकांना आजवर कोणी विचारलेले नाही.